रॅम सडली तर कर्नल काय करतो, मुद्दाम सडवून बघितलं

सिग्नल ७. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) असा नंबरचा सिग्नल पाठवून मारतो. प्रोसेस मेली की आपण सवयीने ११ शोधतो, म्हणजे सेगफॉल्ट, कुणाचा तरी पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, भरकटला. नाहीतर ९, म्हणजे मेमरी संपली आणि ओओएम किलर येऊन गेला. ७ म्हणजे सिगबस, तो क्वचितच दिसतो, आणि दिसला तरी बहुतेक वेळा एम-मॅप केलेली, म्हणजे थेट मेमरीत जोडलेली, फाइल मागून कुणीतरी छोटी केलेली असते. आमच्या डेटाबेस सर्व्हरवर तसलं काही नव्हतं. कोड तोच, व्हर्जन तीच, लोड नेहमीचा, आणि मेन प्रोसेस ऐन कामाच्या वेळी ७ ने गेली. डेटाबेस सांभाळणारी सहकारी तणतणत आली, "तुझ्या लिनक्सने माझा डेटाबेस मारला बघ." डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, उघडलं तर तिचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. एमसीई (मशीन चेक एक्सेप्शन, हार्डवेअरची तक्रार), किलिंग, पुढे प्रोसेसचं नाव आणि पीआयडी, म्हणजे तिचा नंबर, आणि कारण काय तर हार्डवेअर मेमरी करप्शन. कर्नलने स्वतःच्या हाताने मारलं होतं आणि तसं लिहूनही ठेवलं होतं.

पण मला खटकली ती दुसरीच गोष्ट. त्या ओळीच्या बरंच वर, आदल्या रात्रीच्या टाइमस्टँपने आणखी एक ओळ होती: मेमरी फेल्युअर, अमुक पेज फ्रेम नंबर, डर्टी एलआरयू पेजवर रिकव्हरी अ‍ॅक्शन, रिकव्हर्ड. पेज म्हणजे मेमरीचा ४ केबीचा तुकडा, फ्रेम नंबर म्हणजे रॅममधली त्याची जागा, आणि डर्टी म्हणजे ज्यातलं लिहिलेलं अजून डिस्कवर गेलेलं नाही असं. म्हणजे कर्नलला रात्रीच कळलं होतं, त्याने काहीतरी केलं, काम झालं अशी नोंद केली, आणि प्रोसेस मात्र सकाळपर्यंत मजेत चालत राहिली आणि मग मेली. मधल्या तासांत काय चाललं होतं? ह्या एका प्रश्नापायी मी ह्यात शिरलो आणि शेवटी टेस्टच्या मशीनवर मुद्दाम मेमरी खराब करून करून बघितली.

आधी थोडं मागचं, पटकन. ईसीसी रॅममध्ये साधारण ६४ बिट डेटामागे ८ बिट तपासणीचे असतात. एक बिट पलटला तर मेमरी कंट्रोलर तो ओळखतो आणि दुरुस्त करून पुढे देतो, प्रोग्रामला पत्ताही लागत नाही, हा करेक्टेड एरर. दोन पलटले तर ओळखता येतं पण दुरुस्त करता येत नाही, हा अनकरेक्टेड. सर्व्हरमधल्या भारी स्कीम अख्खी एक चिप गेली तरी निभावून नेतात, पण तत्त्व तेच. आणि ईसीसी नसेलच तर कर्नल काहीही करत नाही, करणार कसा, त्याला कुणी सांगतच नाही, चुकीचा बिट बरोबर समजून वापरला जातो आणि सावकाश डिस्कवरही जाऊन बसतो. डीडीआर५ मध्ये ऑन-डाय ईसीसी आलं म्हणून काही जण निवांत झालेत, पण ते चिपच्या आतल्या आत चालतं, चिप ते प्रोसेसर ह्या वाटेत काही बिघडलं तर त्याचा उपयोग शून्य. असो.

तर आमच्याकडे एरर कुठल्या प्रोग्रामने वाचायला गेल्यावर सापडला नव्हता. मेमरी कंट्रोलरमध्ये पॅट्रोल स्क्रब नावाचं काम मागे सतत चालू असतं, ते सगळी मेमरी हळूहळू वाचत फिरतं आणि एकेका बिटाचे दोष वेळीच दुरुस्त करत जातं, म्हणजे एकाचे दोन व्हायला नकोत. त्या रात्री त्याला एक जागा अशी सापडली जिथे आधीच दोन झाले होते. मग प्रोसेसरने कर्नलला कळवलं. हे कळवणं म्हणजे मशीन चेक, इंटेलच्या भाषेत एक्सेप्शन नंबर १८, आणि सोबत बँका असतात, म्हणजे एररच्या नोंदीचे रजिस्टरांचे गट, प्रत्येक बँकेत एक ६४ बिटांचं स्टेटस रजिस्टर, एक पत्त्याचं, एक जास्तीच्या माहितीचं.

आमच्या लॉगमधली ती स्टेटसची हेक्स संख्या मी कागदावर बिट बिट सोडवून बघितली, आणि ह्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त मजा इथेच आली हे खरं. ६३ वा बिट १, म्हणजे नोंद खरी आहे. ६१ वा १, म्हणजे दुरुस्त झालेलं नाही. ५८ वा १, म्हणजे पत्ता मिळालाय. आता खरा बिट ५७ वा, प्रोसेसरची स्वतःचीच स्थिती बिघडलीय का. तो १ असता तर पुढची काही गोष्टच नाही, कर्नल फेटल मशीन चेक म्हणून तिथेच पॅनिक करतो, म्हणजे अख्खं मशीन थांबवतो, कारण ज्या सीपीयूवर आपण चालतोय त्याचाच भरवसा नसेल तर रिकव्हरी करणार कोण. आमच्याकडे तो ० होता. आणि ५५ वा, म्हणजे आत्ताच्या आत्ता काही करणं भाग आहे का, तोही ०. तो १ असतो तेव्हा कुणीतरी सडका डेटा वाचायला गेलेलं असतं आणि त्याला पुढची इन्स्ट्रक्शन चालवू देऊन चालत नाही. आमच्याकडे कुणी वाचला नव्हता, नुसता सापडला होता, म्हणजे केलं तर बरं, पण पळापळ करायची गरज नाही असा प्रकार.

मशीन चेक आला की चालणाऱ्या कर्नलच्या कोडची, म्हणजे हँडलरची, एक अडचण आहे जी कोड वाचेपर्यंत माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. मशीन चेक कधीही येतो, अगदी कर्नलने एखादा लॉक (एकाच डेटाला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून घेतात तो) हातात धरलेला असतानाही, त्यामुळे हँडलरला स्वतःला कुठलाच लॉक घेता येत नाही, घेतला तर तिथेच अडकायचा. मग तो फक्त बँका वाचतो, प्रकरण किती गंभीर आहे ते ठरवतो, आणि खरं काम नंतर करायला रांगेत टाकून बाहेर पडतो. त्यात इंटेलवर बऱ्याचदा हा मशीन चेक सगळ्या सीपीयूंना एकदम येतो, सगळे येऊन एकमेकांसाठी थांबतात, आणि एखादा वेळेत पोचला नाही तर त्यावरूनही पॅनिक होऊ शकतो.

रांगेतलं काम ज्या फाइलमध्ये होतं ती मेमरी-फेल्युअर नावाचीच आहे, एमएम फोल्डरमध्ये. अँडी क्लीन आणि फेंगग्वांग वू ह्यांनी आणलेला हा कोड २००९ मध्ये २.६.३२ कर्नलात आला. वरची कॉमेंटच वाचण्यासारखी आहे, त्यात सरळ सांगितलंय की एरर कधीही कुठेही येऊ शकतो, बाकीच्या मेमरी मॅनेजमेंटने जे गृहीत धरलेलं असतं ते मोडून येऊ शकतो, म्हणून इथे फार जपून वागावं लागतं, आणि काही गोष्टी हळू चालतात पण असे एरर क्वचित येतात म्हणून चालून जातं. असली प्रामाणिक कॉमेंट मला कधीही आवडते.

आणि ह्या अख्ख्या फाइलमध्ये मेमरी दुरुस्त करणारी एकही ओळ नाही. ती एवढंच शोधते की हे पेज कुणाचं आहे आणि ह्यातला डेटा दुसरीकडून कुठून मिळतो का. रॅम तीच, दोष तोच, बिटही तेच, पण ते पेज त्या क्षणी कशासाठी वापरात होतं त्यावर ठरतं की कुणाला काही कळणारच नाही, की एक प्रोसेस मरेल, की मशीन पडेल.

आमच्या त्या रात्रीचं असं झालं. पेज निघालं डेटाबेसच्या हीपमधलं, प्रोग्रामने चालताना मागून घेतलेल्या मेमरीतलं, म्हणजे अ‍ॅनॉनिमस, मागे कुठली फाइल नाही. कर्नलने पेजवर एचडब्ल्यूपॉइझनचा फ्लॅग लावला, म्हणजे हे पेज पुन्हा कधी कुणाला द्यायचं नाही. मग आरमॅपने, म्हणजे फिजिकल पेजवरून उलट शोधत, ते कुठल्या कुठल्या प्रोसेसच्या पेज टेबलात (कुठला पत्ता कुठल्या फिजिकल पेजवर जातो त्या तक्त्यात) आहे ते काढलं आणि तिथल्या नोंदी काढून त्यांच्या जागी विषारी असल्याची खूण ठेवली. झालं. प्रोसेसला सांगितलं काहीच नाही. भाडेकरू बाहेर असताना खोलीला टाळं ठोकावं तसं, तो परत येऊन किल्ली लावेपर्यंत त्याच्या दृष्टीने सगळं ठीक. सकाळी डेटाबेसने त्या पत्त्याला हात लावला, पेज फॉल्ट झाला, म्हणजे नोंद न सापडल्याने काम कर्नलकडे आलं, कर्नलला खूण दिसली, सिगबस. ह्याला लेट किल म्हणतात आणि डिफॉल्ट तेच आहे. ह्याच्यामागे विचारही चांगला आहे, कारण कित्येक पेजना प्रोसेस पुन्हा कधी हातच लावत नाही, मग उगाच मारायचं कशाला. रात्री काम झालं अशी जी नोंद होती ती कर्नलच्या बाजूने होती, त्याच्यापुरता धोका संपला होता. डेटा तेव्हाच गेला होता.

हे सगळं वाचून कळलं, पण वाचलेल्यावर माझा विश्वास बसत नाही, म्हणून मग टेस्ट मशीन.

सगळ्यात सोपा मार्ग मॅडव्हाइजचा, म्हणजे मेमरीबद्दल कर्नलला सूचना द्यायच्या कॉलचा. एक छोटा सी प्रोग्राम, थोडी मेमरी घ्यायची, त्यात काहीतरी भरायचं, आणि कर्नलला सांगायचं की हे पेज सडलं असं समज. त्याला अ‍ॅडमिनची कॅपॅबिलिटी लागते आणि कर्नलात मेमरी फेल्युअरचा ऑप्शन चालू असावा लागतो. हार्डवेअरला हात लागत नाही, खरा बिट कुठलाच पलटत नाही, फक्त कर्नलचा पुढचा सगळा रस्ता चालून बघता येतो. चालवलं, आणि हुबेहूब आमच्यासारखंच झालं: मॅडव्हाइज परत आलं, प्रोग्राम पुढे चालला, छापायचं ते छापलं, आणि त्या पत्त्यावरचा एक बाइट वाचला तसा मेला. मग सिगबसचा हँडलर लावला आणि आत काय काय येतं ते छापलं. पत्ता बरोबर तोच. कोड ४, म्हणजे आत्ता काही करणं भाग आहे असा. आणि एक फील्ड आहे जे मी आधी कधी बघितलंच नव्हतं, किती बिटांपर्यंतचा भाग गेलाय ते सांगणारं, तिथे १२ आलं. २ चा १२ वा घात ४०९६, म्हणजे एक पेज. मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या मेमिन्फो फाइलमध्ये हार्डवेअर करप्टेड नावाची एक ओळ असते, ती एरवी आयुष्यभर ० असते, तिथे ४ केबी दिसलं आणि का कोण जाणे भारी वाटलं.

मग प्रोग्रामने सुरुवातीलाच पीआरसीटीएल ह्या कॉलने कर्नलला सांगितलं की मला लगेच कळव, म्हणजे अर्ली किल. आता सिग्नल मॅडव्हाइजच्या वेळीच आला आणि कोड ४ च्या ऐवजी ५, म्हणजे अजून तू वाचलं नाहीस पण हे पेज गेलंय. हा खरा उपयोगाचा आहे, कारण हा पकडून प्रोग्राम स्वतःच ठरवू शकतो की ह्या पत्त्यावर माझ्याकडे काय होतं, नुसती कॅश होती का, मग टाकून दे आणि पुन्हा भर. व्हर्च्युअल मशीन चालवणारं क्यूईएमयू हेच करतं, त्याला सिगबस आला की ते बघतं पत्ता गेस्टच्या, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनच्या, मेमरीतला आहे का, आणि असेल तर गेस्टच्या आत खोटा मशीन चेक उभा करतं, मग आतला कर्नल हाच सगळा शोध पुन्हा आपल्या पातळीवर घेतो आणि बहुतेक आतली एखादी प्रोसेस जाऊन बाकीची व्हीएम जिवंत राहते. दुसऱ्याने लिहिलेल्या डेटाबेसला मात्र हे बाहेरून शिकवता येत नाही. सगळ्या मशीनसाठी अर्ली किल चालू करायचा सिसक्टल, म्हणजे कर्नलचं सेटिंग, आहे, पण हँडलर नसलेल्या प्रोसेस त्याने नुसत्या लवकर मरतील, एवढंच.

फाइलवर आलो तेव्हा प्रकरण रंगलं. एक फाइल एम-मॅप केली, नुसती वाचली, लिहिलं काही नाही, आणि तिचं एक पेज सडवलं. पुन्हा वाचलं. काही नाही झालं! तोच मजकूर. डीमेसेजमध्ये मात्र नोंद की पेज क्लीन होतं, म्हणजे डिस्कवरच्यासारखंच होतं, काही परिणाम न होता टाकून दिलं. कुठला पत्ता कुठल्या फ्रेमवर आहे ते सांगणाऱ्या पेजमॅपमधून आधीचा आणि नंतरचा फ्रेम नंबर काढून बघितला तर वेगळा होता. म्हणजे सडकं पेज बाजूला काढलं, आणि वाचायला गेल्यावर नेहमीसारखा फॉल्ट होऊन डिस्कवरून ताजं पेज दुसऱ्या जागी आलं. प्रोग्रामच्या कोडचंही असंच होतं, तोही फाइलमधूनच आलेला असतो ना. सर्व्हरच्या रॅमचा केवढा तरी भाग अशा क्लीन पेज कॅशने, म्हणजे फाइलींच्या रॅममधल्या प्रतींनी, भरलेला असतो, त्यामुळे कित्येक मोठे एरर असेच कुणाला न कळता पचून जात असणार.

आता तीच फाइल, पण पेज डर्टी. म्हणजे प्रोग्रामने साध्या राइट कॉलने लिहिलंय, कर्नलने हो म्हटलंय, पण डिस्कवर अजून गेलेलं नाही. ह्यासाठी मी कर्नलच्या सोर्सबरोबर येणारं पेज-टाइप्स टूल वापरलं, ते फाइलची कॅशमधली पेजं दाखवतं आणि सांगितलं तर सडवतंही, त्याला इंजेक्शनचं मॉड्यूल लागतं. सडवलं. कुणीही मेलं नाही. सिग्नल नाही, आरडाओरडा नाही. मग फाइल वाचली, आणि आला तो जुना मजकूर, मी लिहिण्याआधीचा. कारण सरळ आहे, सडकं पेज कॅशमधून काढून टाकलं, वाचताना डिस्कवरून नवीन आणलं, आणि डिस्कवर जुनंच होतं. माझं लिहिलेलं गायब, आणि वाचणाऱ्याला सगळं व्यवस्थित दिसतंय.

कर्नल अगदीच गप्प बसत नाही, तो त्या फाइलवर ईआयओ, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या, एररची खूण ठेवतो आणि पुढचा एफसिंक, म्हणजे लिहिलेलं डिस्कवर नक्की पोचव असं सांगणारा कॉल, फेल होतो. पण एकदाच. मी एफसिंक केलं, ईआयओ आला, लगेच पुन्हा एफसिंक केलं, शून्य, म्हणजे सगळं ठीक. जो प्रोग्राम एफसिंक करतच नाही त्याला काही कळायचा मार्ग नाही, आणि जो फेल झाला की पुन्हा एकदा करून बघतो, आणि असे खूप आहेत, तो दुसऱ्या वेळच्या शून्यावर खूश होऊन पुढे जातो. पोस्टग्रेस ह्या डेटाबेसवाल्यांनी २०१९ च्या फेब्रुवारीतल्या रिलीजपासून एफसिंक फेल झालं की पुन्हा न करता सरळ डेटाबेसनेच पॅनिक करून स्वतःच्या लॉगमधून रिकव्हरी करायचं ठरवलं, ते डिस्कच्या एररवरून झालेल्या चर्चेतून, पण इथेही तेच बरोबर बसतं. प्रोसेस मारली की आम्ही सगळे बोंबा मारतो, तपास करतो, पण खरी भीती वाटावी अशी केस ही आहे, जिथे कुणी मरत नाही.

ह्यापुढचं लवकर सांगतो. कर्नलच्या स्वतःच्या स्लॅबमधलं, म्हणजे त्याने आपल्या कामासाठी ठेवलेल्या मेमरीतलं, पेज सडवलं तर लॉगमध्ये इग्नोर्ड आलं आणि विषय संपला. स्लॅबमध्ये आयनोड (फाइलींची माहिती) असतील, कसली तरी स्ट्रक्चर असतील, त्यांच्याकडे कुठून कुठून पॉइंटर रोखलेले आहेत ह्याची यादी कुणाकडे नसते, त्यामुळे काढून घेणं शक्यच नाही. नकली एररमध्ये मशीन चालू राहतं कारण रॅम खरी चांगलीच असते. खऱ्या एररमध्ये कर्नल स्वतः तिथे वाचायला गेला तर पॅनिक. अपवाद आहेत, यूझरच्या मेमरीतून कॉपी करताना सडकं लागलं तर नवीन कर्नल त्यातून सुटतात, ती यादी हळूहळू वाढतेय. आणि फ्री पडलेलं पेज असेल तर सगळ्यात छान, बाजूला काढून ठेवायचं.

ह्यूज पेजवर, म्हणजे ४ केबीऐवजी २ एमबी किंवा १ जीबीच्या पेजवर, मात्र दोन शब्द जास्त, कारण डेटाबेसवाले ती हमखास वापरतात. ट्रान्सपरंट, म्हणजे कर्नलने आपणहून जोडून बनवलेलं, ह्यूज पेज असेल तर कर्नल आधी ते फोडतो आणि फक्त ४ केबी बाहेर काढतो. पण ह्यूजटीएलबीची राखीव पेजं असतील तर अख्खं पेज मॅपिंगमधून जातं. हँडलरमधलं ते १२ चं फील्ड आता २१ दाखवायला लागलं, म्हणजे २ एमबी गेले, दोन बिटांपायी. १ जीबीची पेजं असती तर ३० दिसलं असतं. परफॉर्मन्ससाठी सगळं १ जीबीवर नेऊ या म्हणणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो.

शेवटी खरं हार्डवेअर. एसीपीआयमध्ये, म्हणजे फर्मवेअर कर्नलला देतं त्या तक्त्यांत, एरर इंजेक्शनचं टेबल असतं, बायोसमध्ये ते चालू करावं लागतं आणि बऱ्याच बोर्डांवर तो ऑप्शन कुठल्या मेन्यूच्या तळाशी आहे ते शोधण्यातच जीव जातो. डीबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलसिस्टिममध्ये, मग एक फोल्डर दिसतं, त्यात एररचा प्रकार लिहायचा, करेक्टेड मेमरी एररसाठी हेक्समधला ८, अनकरेक्टेडसाठी १०, पत्ता लिहायचा, मास्क लिहायचा, आणि ट्रिगर. आता सगळी साखळी खरी चालते, कंट्रोलर, बँक, मशीन चेक, सगळं. निकाल नकलीसारखेच आले, पण एक नवीन गोष्ट कळली ती करेक्टेड एररच्या बाबतीत.

झालं काय, मी करेक्टेड एरर टाकतोय आणि एडॅकचा काउंटर हलायला तयार नाही. एडॅक म्हणजे कर्नलमधला तो भाग जो कुठल्या स्टिकवर किती एरर आले ते मोजतो, सगळ्यांची मॉनिटरिंग त्यावरच असते. कारण निघालं सीईसी, करेक्टेड एरर कलेक्टर. कर्नलात ते चालू असेल तर ते मधल्या मध्ये एरर गिळतं, प्रत्येक पेजमागे मोजत बसतं, जुने आकडे काळाबरोबर विरत जातात, आणि एकाच पेजवर मर्यादेपलीकडे गेले की ते पेज स्वतःच निवृत्त करतं. पुढे एडॅकला काही मिळतच नाही. कल्पना चांगली आहे, एखाददुसऱ्या भटक्या एररने कुणाची झोपमोड का करावी, पण हे चालू आहे हे माहीत नसेल तर ग्राफवरची ती सपाट शून्याची रेघ बघून माणूस फसतो. बूट पॅरामीटरने ते बंद करता येतं, आणि आम्ही केलं, कारण आम्हाला आकडे हवे होते.

पेज निवृत्त करणं, म्हणजे सॉफ्ट ऑफलाइन, हा ह्या सगळ्यातला सगळ्यात सभ्य प्रकार. एरर अजून दुरुस्त होतोय, डेटा शाबूत आहे, मग तो दुसऱ्या पेजवर हलवायचा आणि हे पेज बाजूला टाकायचं, कुणी मरत नाही. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या फाइलसिस्टिममध्ये, त्यासाठी फाइल आहे, फिजिकल पत्ता लिहिला की काम होतं. मी चालू प्रोग्रामच्या पायाखालून त्याचं पेज असं काढून बघितलं, पत्ता तोच, मजकूर तोच, फ्रेम नंबर फक्त बदलला. आमच्या खऱ्या सर्व्हरवर हे वेळेत झालं असतं तर डेटाबेस वाचला असता, कारण हार्डवेअरचे एरर नोंदवून ठेवणाऱ्या रासडीमनच्या डेटाबेसमध्ये मागे जाऊन बघितलं तर मोठ्या एररच्या बरंच आधीपासून त्याच स्टिकवर, जवळजवळच्या पत्त्यांवर करेक्टेड एरर येत होते. असे एरर दिसले की कुणीतरी कॉस्मिक रेचं नाव काढतंच. पण गूगलच्या सर्व्हरवरचा २००९ चा जो मोठा अभ्यास आहे, ज्यात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त स्टिकवर करेक्टेड एरर दिसले होते, त्याचंही म्हणणं हेच होतं की आकाशातून पडणाऱ्या कणांपेक्षा हार्डवेअरच कमजोर होण्याचे एरर जास्त. आमचे तर परत परत त्याच गल्लीत येत होते.

हार्डवेअर सपोर्टवाल्यांशी मग बोलणं झालं. "साहेब, करेक्टेड काउंट आमच्या थ्रेशोल्डच्या खाली आहेत, स्टिक बदलून देता येणार नाही." मी म्हटलं, "अहो, अनकरेक्टेड येऊन गेलाय, आता करेक्टेड मोजून काय करू?" मशीन चेकची नोंद, एडॅकचं स्लॉटचं नाव, फिजिकल पत्ते, सगळं पाठवलं तेव्हा कुठे हलले. स्लॉटच्या नावाचाही घोळच असतो, एडॅक म्हणतं कंट्रोलर ०, चॅनल १, आणि बोर्डावर छापलेलं असतं काहीतरी तिसरंच, ती लेबलं आधीच भरून ठेवलेली असतील तर बरं.

स्टिक येईपर्यंत मधले दिवस काढायचे होते आणि तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागली. सडक्या पेजांची यादी फक्त चालू कर्नलच्या डोक्यात असते. रीबूट केलं की सगळं विसरलं, तीच पेजं पुन्हा कुणाला तरी वाटली जाणार. बूट पॅरामीटरमध्ये मेमरीचा तेवढा तुकडा राखीव म्हणून सांगता येतो, ग्रब ह्या बूटलोडरमध्ये त्यातल्या डॉलरच्या खुणेला एस्केप करावं लागतं नाहीतर ते गुपचूप खाल्लं जातं. डीडीआर४ पासून चिपमध्येच जास्तीच्या ओळी असतात आणि फर्मवेअर बूटच्या वेळी खराब ओळीच्या जागी त्यातली एक कायमची जोडू शकतं, पोस्ट पॅकेज रिपेअर म्हणतात त्याला. ते आमच्या बोर्डावर होतं, चालू केलं, आणि स्टिक बदलेपर्यंत त्या पत्त्यावरून पुन्हा एरर आला नाही.

एक सेटिंग मात्र मी बदलायला लावलं. मेमरी फेल्युअर रिकव्हरी नावाचा सिसक्टल डिफॉल्ट १ असतो, ० केला की कर्नल हे मालक-बिलक शोधायच्या भानगडीत पडतच नाही, अनकरेक्टेड एरर हातात आला की सरळ पॅनिक. आधी मला तो ऑप्शन अडाणी वाटायचा. पण आमच्याकडे स्टोरेजच्या काही मशीन आहेत ज्यांच्या डेटाच्या कॉपी दुसरीकडे असतात, तिथे एक मशीन धाडकन पडलं तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि एक डर्टी पेज गुपचूप गायब झालं तर खूप बिघडतं. तिथे आता ० आहे. डेटाबेसच्या मशीनवर १ च ठेवलाय, सहकारी ऐकायलाच तयार नाही, म्हणते एका पेजसाठी अख्खं मशीन कशाला पाडतोस, आणि तिचा डेटाबेस एफसिंक फेल झालं की स्वतःच खाली बसतो, त्यामुळे तिला चूक म्हणायला माझ्याकडे फारसं काही नाही.